उक्तीची सरासरी लांबी आणि मराठी मूल

लहान मुलाची भाषा त्याच्या वयाला साजेशी वाढत आहे की नाही हे ठरविण्यासाठी जी भाषावैज्ञानिक साधने आज वापरात आहेत, त्यांत 'उक्तीची सरासरी लांबी' ह्या मापाचा प्रसार फार मोठा आहे. मुलाच्या सहज बोलण्यातील शंभर उक्ती घ्याव्या, त्यांतील अर्थवाही लघुतम घटक, म्हणजे ज्यांना आपण पदिम म्हणतो ते, मोजावे आणि बेरजेला शंभराने भागावे, एवढीच ह्या मापाची कृती आहे. आलेला आकडा दोन असला तर मूल अमुक अवस्थेत, तीन असला तर त्यापुढील अवस्थेत, असा निर्णय त्यावरून देता येतो. आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधिकांतून आणि वाक्चिकित्सेच्या अहवालांतून हे माप आता मराठी मुलांनाही लावले जाते. ते ज्या स्वरूपात लावले जाते ते स्वरूप मराठीच्या घडणीशी विसंगत आहे, आणि ह्या विसंगतीचा दोष मापाच्या कर्त्याकडे फारसा जात नसून ते विचार न करता उचलणाऱ्यांकडे, त्यातही आपणां भाषाभ्यासकांकडे जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाक्याच्या लांबीवरून मुलाची प्रगती पाहण्याची कल्पना जुनी आहे. मार्गरेट मोर्स नाइस ह्यांनी 1925 साली ती स्पष्टपणे मांडली. डोरोथिआ मॅकार्थी ह्यांनी 1930 च्या आपल्या ग्रंथात प्रत्येक मुलाच्या पन्नास उक्ती घेऊन शब्द मोजले, आणि मिल्ड्रेड टेंप्लिन ह्यांनी 1957 मध्ये तीन ते आठ वर्षांच्या 480 मुलांवर हीच पद्धती चालविली. ह्या सर्वांनी मोजले ते शब्द. शब्दाऐवजी पदिम मोजावे ही सूचना रूढ केली ती रॉजर ब्राऊन ह्यांनी. त्यांचा 'अ फर्स्ट लँग्वेज' हा ग्रंथ 1973 साली निघाला. त्याचा आधार म्हणजे 1962 पासून केलेली तीन मुलांची दीर्घकालीन निरीक्षणे होत. ॲडम आणि सारा ही दोन मुले अभ्यासाच्या आरंभी सत्तावीस महिन्यांची होती, तर ईव्ह अवघी अठरा महिन्यांची. आणि ईव्हची प्रगती इतर दोघांहून कितीतरी वेगाने झाली. वयाच्या कसोटीवर ह्या तिघांची तुलना करणे अशक्य झाले, म्हणून त्यांना एका रांगेत उभे करण्यासाठी वयाहून वेगळी अशी एखादी पट्टी हवी होती. सरासरी लांबी ही ती पट्टी होय. तिचे प्रयोजन एवढेच होते, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवावी लागेल.

ब्राऊन ह्यांनी मोजणीचे जे नियम दिले ते वाचताना त्यांच्या सावधपणाचे कौतुक वाटते. सामासिक शब्द व विशेषनामे एकच पदिम समजावी. लाडाने केलेली लघुरूपे वेगळी मोजू नयेत. अनियमित भूतकाळी रूप एकच समजावे, कारण मूल त्या रूपाचा वर्तमानकाळी रूपाशी संबंध जोडते असा पुरावा नसतो. ह्या सर्व नियमांमागे एकच तत्त्व आहे: वैयाकरणाला जे तुकडे दिसतात ते मोजावयाचे नसून मुलाच्या बोलण्यात जे तुकडे खरोखर सुटे झाले आहेत ते मोजावयाचे. शिवाय सरासरी चारच्या आसपास पोहोचली की ह्या मापाचा उपयोग सरतो, कारण त्यानंतर लांबी मुलाच्या व्याकरणापेक्षा संभाषणाच्या प्रसंगावर अधिक अवलंबून राहते, हेही त्यांनी सांगून ठेवले होते.

पुढे जे झाले ते आपल्या परिचयाचे आहे. 1981 साली मिलर आणि चॅपमन ह्यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन येथील सतरा ते एकोणसाठ महिने वयाच्या 123 मुलांची सरासरी लांबी आणि वय ह्यांचा संबंध कोष्टकरूपाने मांडला. ही मुले प्रायः सुस्थित मध्यमवर्गीय घरांतील होती. वयाला पर्याय म्हणून जे माप जन्मास आले, ते ह्या कोष्टकामुळे पुन्हा वयाशी बांधले गेले. चिकित्सकाला कोष्टक हवेच असते, त्यात त्याचा दोष नाही. परंतु मॅडिसनच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे कोष्टक सांगलीच्या किंवा परभणीच्या मुलाला लावण्यापूर्वी दोन्हीकडे मोजला जाणारा घटक एकच आहे काय, हा प्रश्न विचारणे भाग होते. तो विचारण्याचे काम भाषावैज्ञानिकाचे होते.

आता एक साधी उक्ती घेऊ. अडीच वर्षांचे मूल म्हणते, 'आईनं मला पोळी दिली.' ह्यात शब्द चार. पदिम किती? 'आईनं' ह्यात दोन, ह्याबद्दल वाद होऊ नये. 'मला' हे एक की दोन? 'ला' हा प्रत्यय 'दादाला', 'ताईला' ह्यांत स्पष्ट आहे. परंतु मागे उरणारा 'म' हा 'मी'चाच अवशेष आहे हे मुलाला उमगले आहे असे कशावरून म्हणावे? 'मला' हा शब्द मूल अगदी आरंभी, 'ला' हा प्रत्यय इतरत्र वापरू लागण्यापूर्वी, अखंड उचलत असणेच अधिक संभवते. 'पोळी' एक. 'दिली' ह्याचे काय? रूपविश्लेषण करणारा विद्यार्थी 'दि', 'ल' आणि 'ई' असे तीन घटक सांगेल. ब्राऊन ह्यांचा अनियमित भूतकाळाचा नियम लावणारा एकच सांगेल, कारण 'दे' पासून 'दिली' हे रूप नियमाने होत नाही. तिसरा म्हणेल की 'दिल' अखंड आहे, पण 'ई' सुटा आहे, कारण हेच मूल 'लाडू दिला' आणि 'पोळी दिली' असे दोन्ही म्हणते. मला ह्या तिसऱ्याचे म्हणणे खरे वाटते. पण मुद्दा मताचा नाही. एकाच उक्तीची लांबी मोजणाऱ्याच्या मतानुसार पाच, सहा, सात किंवा आठ होते. तोच आशय इंग्रजीत सांगणाऱ्या मुलाची उक्ती ब्राऊन ह्यांच्या नियमांनी निर्विवादपणे चार भरते. पाच आणि आठ ह्यांतील अंतर ब्राऊन ह्यांच्या दोन-तीन अवस्था पोटात घेईल एवढे आहे, आणि ते मुलामुलांतील नसून मोजणाऱ्यांतील आहे.

ब्राऊन ह्यांचा नियम येथे मराठीला लागू पडत नाही असे म्हणणेही पुरेसे नाही. तो उलटा पडतो. इंग्रजीत अनियमित भूतकाळी रूपाला दुसरा प्रत्यय चिकटलेला नसतो, म्हणून ते एक मोजल्याने काही हरवत नाही. मराठीत 'गेला, गेली, गेले' ह्यांत धातूचे रूप अनियमित, पण लिंगवचनाचा प्रत्यय पूर्णतः नियमित. ही रूपे एक मोजली की मराठी मुलाच्या व्याकरणातील सुसंवादाची खूण, जी त्याच्या प्रगतीचा उत्तम पुरावा ठरावी, तीच मोजणीतून गळते. घरोघरी ऐकू येणारा एक प्रकार ह्या संदर्भात पाहण्यासारखा आहे. काल-परवापर्यंत 'गेला', 'केला' म्हणणारे मूल एके दिवशी 'जाला', 'करला' म्हणू लागते. आईबापांना वाटते, मूल मागे गेले. वस्तुतः 'ल' हा भूतकाळाचा घटक त्याला सुटा सापडला आहे. येथे मात्र ब्राऊन ह्यांचे तत्त्व मूळ अर्थाने वापरले तर अचूक उत्तर देते: पूर्वीच्या 'केला'पेक्षा 'करला' एका पदिमाने लांब धरावे लागते. तत्त्व घ्यावे आणि नियमांची यादी सोडावी, असे म्हणावयाचे ते ह्याचसाठी.

सामान्यरूपाचा प्रश्न ह्याहून बिकट आहे आणि मराठी बालभाषेच्या अभ्यासात त्याला मध्यवर्ती स्थान द्यावे असे मला वाटते. 'मांजराला' ह्यात 'ला' पूर्वीचा 'आ' हा स्वतंत्र घटक मानावा काय? त्याला स्वतःचा अर्थ नाही. पण तो चुकला तर रूप चुकते. 'घोडा'चे 'घोड्याला', 'भिंत'चे 'भिंतीला', 'माळ'चे 'माळेला' हे बदल मुलाला नामागणिक, लिंगागणिक शिकावे लागतात. 'मांजरला', 'घोडाला' असे म्हणणाऱ्या मुलाने प्रत्यय मिळविला आहे, सामान्यरूप मिळविलेले नाही. 'मांजराला' म्हणणाऱ्याने दोन्ही मिळविले आहे. सामान्यरूपाचा घटक न मोजणाऱ्याच्या हिशेबात ही दोन्ही मुले समान ठरतात. बरे, तो घटक मोजावा तर प्रौढांच्या बोलण्यातच गोंधळ आहे. आज आपण 'अमितला', 'सचिनला' म्हणतो, 'बसमध्ये', 'फ्रीजमध्ये' म्हणतो. विशेषनामे आणि उसने शब्द ह्यांना सामान्यरूप करण्याची रीत बोलण्यातून बरीच मावळली आहे. कोणी 'टेबलावर' म्हणतो, कोणी 'टेबलवर'. ज्या मुलाच्या कानांवर दिवसभर अशी रूपे पडतात, ते 'मांजरला' म्हणाले तर त्याला चूक म्हणण्यापूर्वी घरातील मोठी माणसे काय बोलतात ते ऐकले पाहिजे. चाचणीच्या कागदावर ह्यासाठी रकाना नसतो.

पदिमांचा हा घोळ टाळावा म्हणून काही अभ्यासक पुन्हा शब्दांकडे वळतात, आणि त्यासाठी पार्कर व ब्रॉर्सन ह्यांच्या 2005 च्या निबंधाचा हवाला देतात. इंग्रजी मुलांच्या नमुन्यांत शब्दांनी मोजलेली आणि पदिमांनी मोजलेली लांबी जवळजवळ तंतोतंत एकत्र चालते, हे त्या निबंधाने दाखविले हे खरे. पण ह्याचे कारण उघड आहे. इंग्रजी शब्दाला प्रत्यय थोडे, म्हणून शब्द मोजले काय आणि पदिम मोजले काय, फारसा फरक पडत नाही. हा निष्कर्ष विभक्तिप्रत्ययांनी भरलेल्या भाषेला आपोआप लागू होत नाही.

शिवाय शब्द म्हणजे काय, हे तरी कोण ठरविणार? 'मेज़ पर' असे हिंदी मूल म्हणाले तर दोन शब्द, 'टेबलावर' असे मराठी मूल म्हणाले तर एक. 'राम ने रोटी खाई है' हे पाच शब्दांचे वाक्य आणि 'रामाने पोळी खाल्ली आहे' हे चार शब्दांचे. ह्यात मुलांच्या बुद्धीचा वा भाषेचा काही संबंध नाही. हिंदीचे लेखक परसर्ग नामापासून तोडून लिहितात आणि आपण जोडून लिहितो, इतकेच. गंमत अशी की, हिंदी लेखक सर्वनामाला तोच 'ने' जोडून 'उसने' असे लिहितात, म्हणजे नामाऐवजी सर्वनाम वापरणारे मूल एका शब्दाने मागे पडते. ज्याला अजून अक्षर लिहिता येत नाही अशा मुलाची प्रगती शुद्धलेखनाच्या रूढीवर अवलंबून ठेवणे हास्यास्पद आहे. नागपूरसारख्या शहरात, जेथे एकाच अंगणवाडीत मराठी आणि हिंदी बोलणारी मुले शेजारी बसतात, तेथे हा हास्यास्पद प्रकार निर्णयाचे रूप घेऊ शकतो.

मराठीत उक्ती आखूड राहण्याची इतर कारणेही आहेत. क्रियापदच पुरुष, लिंग, वचन सांगत असल्याने कर्ता गाळता येतो: 'जेवलो' हे एका शब्दाचे पूर्ण वाक्य आहे. 'नको' ह्या एका शब्दात नकार आणि इच्छा दोन्ही सामावतात. त्यासाठी इंग्रजी मुलाला निदान दोन शब्द जुळवावे लागतात. 'आलाय', 'करतोय', 'खाल्लीये' ही रूपे मुलाच्या कानांवर एकसंध पडतात. 'आला आहे' हे तो बहुधा पुस्तकातच पुढे पाहील. जोडशब्दांचेही तसेच आहे. ब्राऊन ह्यांनी बालसुलभ द्विरुक्ती एकच धरावयास सांगितली. मराठीत 'हळूहळू' आणि 'पाणीबिणी' ह्यांतील द्विरुक्ती बालभाषेपुरती नसून प्रौढांच्या व्याकरणाचा भाग आहे, आणि 'बिणी' जोडणाऱ्या मुलाने 'आणि तत्सम काही' असा अर्थ जोडलेला असतो.

लांबीच्या आकड्यामागे काय दडते ते पाहण्यासाठी दोन मुले कल्पावी. एक म्हणते, 'आई इकडे ये ना', 'बाबा आता बाहेर चल'. दुसरे म्हणते, 'मांजराला दे', 'माझी आहे'. शब्द मोजले तर पहिले दुपटीने पुढे. पण पहिल्याच्या बोलण्यात अद्याप एकही विभक्ती नाही, क्रियापद आज्ञार्थाच्या उघड्या धातूपलीकडे गेलेले नाही. दुसऱ्याने सामान्यरूप साधले आहे, चतुर्थी साधली आहे, आणि 'माझी' म्हणताना वस्तूचे लिंग ओळखले आहे. ज्या मुलाची चिंता करावी ते ह्यांपैकी कोणते, हे मराठीचे व्याकरण जाणणाऱ्याला विचारावे लागेल. आकड्याकडे त्याचे उत्तर नाही. तुर्की मुले विभक्तिप्रत्यय दोन वर्षांच्या आतबाहेर बिनचूक वापरू लागतात, हे स्लोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिल्याला बराच काळ लोटला. कोणता घटक केव्हा यावा हे त्या त्या भाषेची घडण ठरविते. तुर्की प्रत्यय ठसठशीत आणि अपवादरहित, मराठीचे सामान्यरूप निसरडे. तेव्हा तुर्कीचे वेळापत्रकही आपल्याला जसेच्या तसे चालणार नाही.

ब्राऊन ह्यांच्या प्रसिद्ध चौदा व्याकरणिक घटकांच्या क्रमाचे मराठीकरण करण्याचे प्रयत्न मला ह्याच कारणाने व्यर्थ वाटतात. त्या चौदांपैकी चार घटक 'असणे' ह्या अर्थाच्या एकाच इंग्रजी क्रियापदाच्या संकोच पावणाऱ्या व न पावणाऱ्या रूपांचे आहेत, आणि एक उपपदांचा आहे, जी आपल्या भाषेत नाहीतच. जीन बर्को ह्यांच्या 1958 च्या चाचणीची गोष्ट निराळी. तिच्यातील युक्ती कोणत्याही भाषेला उपकारक आहे. मुलाला 'वग' नावाचा काल्पनिक प्राणी दाखवावयाचा, मग दोन दाखवावयाचे, आणि अनेकवचन त्याच्याकडून काढावयाचे. शब्दच बनावट असल्याने मूल पाठांतरावर निभावून नेऊ शकत नाही. पण मराठीत प्रश्न निराळे विचारावे लागतील. 'एक दगड, दोन दगड' अशी भाषा बोलणाऱ्या मुलाने पुल्लिंगी व्यंजनान्त बनावट शब्दाचे अनेकवचन बदलले नाही, तर ते बरोबर आहे की त्याने प्रश्नच टाळला आहे, हे कळणार नाही. स्त्रीलिंगी शब्द घेतला तर 'भिंत'चे 'भिंती' आणि 'वाट'चे 'वाटा'. बनावट शब्दाला दोन्ही उत्तरे बरोबर मानावी लागतील. 'हा एक टिमका' असे सांगून 'ह्या टिम…' एवढ्यावर थांबावे आणि 'ह्या टिमक्याला खाऊ दे' हे मुलाकडून येते का ते पाहावे. सामान्यरूपाची अशी चाचणी मराठी मुलाविषयी पुष्कळ सांगून जाईल. अनेकवचनाच्या चाचणीचा केवळ अनुवाद केल्याने ते साधणार नाही.

उच्चारांच्या चाचण्यांत तर आणखी उघड अन्याय होतो. वर्णमालेतील प्रत्येक अक्षराला एक चित्र, अशी यादी केली की 'च' एकदाच येतो. परंतु 'चाक' आणि 'चार' ह्यांतील 'च' दोन आहेत, 'झाड' आणि 'झेंडा' ह्यांतील 'झ' दोन आहेत, आणि देवनागरी लिपी तो भेद लपविते. ह्याउलट जेथे भेद नाही तेथे चाचणी दोष काढते. वऱ्हाडातील मूल डोळ्याला 'डोया' म्हणते, 'मला' ऐवजी 'मले' म्हणते. 'ळ' येत नाही म्हणून त्याचे गुण कापले गेले, तर ज्या भाषेत त्याची आई त्याच्याशी बोलते ती त्याने अचूक आत्मसात केल्याचा तो दंड होय. कोल्हापूरकडे स्त्रियाही 'मी आलो, मी जातो' म्हणतात. तेथील मुलीच्या तोंडचे 'मी जातो' हे लिंगविवेकाच्या अभावाचे लक्षण समजणारा परीक्षक मुलीविषयी काहीच सांगत नाही. पुण्यातील आई-आजीच्या सहवासात वाढणारा मुलगा काही काळ 'मी जाते' म्हणतो, त्याची कथा वेगळी. तो रूप बरोबर उचलतो आणि बोलणारा बदलला की रूपही बदलते हे पुढे शिकतो.

शब्दसंपत्तीच्या याद्यांविषयी थोडक्यात. पालकांना यादी देऊन मुलाला येणाऱ्या शब्दांवर खुणा करावयास सांगण्याची पद्धत मॅकआर्थर-बेट्स सूचींमुळे 1993 पासून सर्वत्र पसरली आहे. पद्धत चांगली आहे. आईइतके मुलाचे बोलणे दुसऱ्या कोणी ऐकलेले नसते. त्या सूचीत प्राण्यांच्या आवाजांसारख्या बालशब्दांचा एक लहान विभाग आहे. मराठी घरातील बालशब्दांचे भांडार एवढ्याशा विभागात मावणारे नाही. अशोक केळकर ह्यांचा मराठी बालबोलीवरील निबंध 1964 साली 'वर्ड' ह्या नियतकालिकात आला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन ह्यांनी सहा भाषांतील बालबोलींची तुलना केली, तीतही मराठी होती. जगातील फार थोड्या भाषांना हा मान एवढ्या लवकर मिळाला. मंमं, भूभू, हम्मा, भुर्र, जोजो, गाई करणे, बाऊ होणे — ह्या शब्दांना स्वतःचे ध्वनिनियम आणि स्वतःचे अर्थक्षेत्र आहे. 'भुर्र' ह्यात बाहेर जाणे, वाहन आणि निघून जाण्याची आज्ञा हे सर्व येते. अनुवादित यादीवर 'गाय' ह्या शब्दापुढे आई खूण करीत नाही, कारण मूल 'हम्मा' म्हणते. आणि दोन वर्षांच्या वयाला पन्नास शब्दांची जी रेषा सामान्यतः धोक्याची मानली जाते, तिच्याखाली ते मूल जाते. केळकर ह्यांच्या निबंधाचा उपयोग मूल्यमापनाच्या कामी होईल असे आपल्याला इतक्या वर्षांत सुचू नये, हे नवल आहे.

ह्या सर्वांच्या मुळाशी नमुना घेण्याचा प्रश्न आहे. शंभर उक्ती कोणाशी बोललेल्या? ब्राऊन ह्यांचे निरीक्षक मुलाच्या घरी जात आणि मूल मुख्यतः आईशी बोले. आपल्याकडे मूल आजीशी, मोठ्या भावंडांशी, शेजारच्या बिऱ्हाडातील मुलांशी बोलते. अनोळखी मोठ्या माणसापुढे मान खाली घालून 'हो', 'नाही' म्हणणे हे पुष्कळ घरांत वळण समजले जाते. विल्यम लबॉव्ह ह्यांनी 1969 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका आठ वर्षांच्या मुलाचे उदाहरण दिले आहे. परीक्षकापुढे तो जेमतेम एखादा शब्द बोले. तोच परीक्षक पुढच्या खेपेस बटाट्याचे वेफर्स आणि त्या मुलाचा एक मित्र बरोबर घेऊन आला, जमिनीवर बसला, आणि मग त्या मुलाला बोलताना आवरणे कठीण झाले. मूल तेच, परीक्षक तोच; बदलली ती बैठक. रुग्णालयातील टेबलापलीकडे बसून घेतलेल्या शंभर उक्तींची सरासरी काढणाऱ्याने हा निबंध एकदा तरी वाचावा. मेळघाटातील कोरकू मुलाची किंवा सातपुड्यातील भिली बोलणाऱ्या मुलाची परीक्षा शाळेत मराठीत घेतली जाते तेव्हा तर बैठकीबरोबर भाषाही बदललेली असते, आणि अशा परीक्षेला भाषाविकासाचे मूल्यमापन म्हणणे मला मान्य नाही.

हा वाद केवळ पद्धतीचा असता तर तो आपल्या चर्चासत्रांपुरता ठेवता आला असता. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात भाषाविकासातील विलंब हा तपासणीच्या विषयांत समाविष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने वाचा व भाषा दिव्यांगत्व स्वतंत्रपणे मान्य केले आहे. म्हणजे मुलाच्या बोलण्यावरील निर्णयाला आता प्रमाणपत्राचे, शाळेतील स्थानाचे आणि उपचाराच्या हक्काचे वजन आले आहे. चुकीच्या मापाने दोन्ही बाजूंनी अनर्थ होतो. डोयाला 'डोया' म्हणणारे निरोगी मूल मंद ठरते, ह्याची चर्चा निदान होते तरी. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जे मूल तीन वर्षांचे होऊनही उघड्या धातूंवर आणि 'ना', 'हं' ह्यांवर दिवस काढीत आहे, पण चार-चार शब्द जोडते, ते लांबीच्या कोष्टकात निर्धोक दिसते. आणि घरातील वडीलधारी 'त्याचे काकाही उशिराच बोलले' असे सांगून स्वस्थ बसतात. त्याची श्रवणपरीक्षा सर्वांआधी व्हावयास हवी, ती राहून जाते. ऐकू कमी येणाऱ्या मुलाच्या कानांतून प्रथम निसटतात ते शब्दाच्या अंती येणारे, आघात नसलेले घटक, म्हणजे नेमके आपले प्रत्यय. ते न मोजणाऱ्या मापाला हे कळावयाचे कसे?

मग करावे काय? माझ्या मते लांबीचा आकडा टाकून देण्याचे कारण नाही. एकाच मुलाची सहा महिन्यांपूर्वीची आणि आताची स्थिती ताडून पाहण्यास तो उपयोगी आहे, मोजणारा आणि नियम तेच राहिले तर. निदानासाठी मात्र मराठीतील थोडीच पण बोलकी स्थळे निवडावी. सामान्यरूप, 'माझा, माझी, माझे' ह्यांतील सुसंवाद, 'मी लाडू खाल्ला, मी पोळी खाल्ली' ह्यात क्रियापद कर्माकडे वळते ती जागा, 'नाही', 'नको', 'नसतो' ह्यांतील निवड. ह्या प्रत्येक ठिकाणी मुलाला रूप वापरण्याची संधी किती वेळा आली आणि त्याने ते किती वेळा वापरले, हे मोजावे. ही अपेक्षित स्थळांची मोजणीही ब्राऊन ह्यांचीच आहे. त्यांच्या ग्रंथातील ती खरी टिकाऊ देणगी, आणि आपल्याकडे तीच कमी उचलली गेली. मूळ अपेक्षा कोणत्या बोलीची, हे ठरविण्यासाठी आईचे दहा मिनिटांचे बोलणे मुलाच्या नमुन्याबरोबरच ध्वनिमुद्रित करावे.

म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था 1965 पासून आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून ह्या क्षेत्रात काम करीत आहे. तेथून शिकून बाहेर पडलेल्या वाक्चिकित्सकांना मराठीच्या पदिमांची व्याख्या रोज सकाळी, मूल समोर बसलेले असताना, स्वतःच करावी लागते. आपल्या विद्यापीठांतील भाषाविज्ञानाच्या विभागांत सामान्यरूपावर उत्तम निबंध लिहिले गेले आहेत, पण त्यांत दोन वर्षांच्या मुलाचे सामान्यरूप नाही. पुढील वर्षीच्या प्रबंधिकांसाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी तिघा-चौघांनी वऱ्हाड, कोल्हापूर, कोकण आणि मराठवाडा येथील प्रत्येकी दोन मुले घेऊन, दोन ते चार ह्या वयात दर महिन्याला त्यांचे घरचे बोलणे टिपावयाचे ठरविले, तर मोजणीच्या नियमांचा पहिला मसुदा तयार करण्यास तेवढी सामग्री पुरेल. तो मसुदा चिकित्सकांसमवेत बसून तपासावा लागेल. आणि 'मला' एक की दोन, हा प्रश्न त्या बैठकीत सर्वांत आधी घ्यावा.